चाळीस गुंठ्यांचा हिशेब : इंदापूरच्या मोजणीपासून संगणकाच्या ‘क्वेरी’पर्यंत

बारामतीला खेटून असलेलं जळोची एकेकाळी शेतीचं गाव होतं. आज ते शहरात मिसळलं आहे. गाव शहराला लागलं की जमिनीचा भाव एकरावर नाही, गुंठ्यावर बोलला जातो. मग घराघरांत एक जुनाच प्रश्न नव्यानं उभा राहतो : या जमिनीत कुणाचं किती? पुणे जिल्ह्यात असं कितीतरी गावांचं झालं आहे, आणि तिथल्या मुस्लिम कुटुंबांतही हाच प्रश्न आहे.

उत्तर शोधायला आपण सातबारा काढतो. पूर्वी त्यासाठी तलाठ्याकडे हेलपाटे मारावे लागत, आता मोबाइलवर दोन मिनिटांत उतारा मिळतो. त्यावर आजोबांचं नाव असतं, चुलत्यांची नावं असतात, ‘सामाईक’ असा शब्द असतो. पण आत्याचं किती, आजीचं किती, हे त्यात सापडत नाही. संगणक आला, वेग आला, तरी उत्तर का येत नाही?

याचं कारण समजून घ्यायला दोन इतिहास एकत्र वाचावे लागतात. एक महसुली दफ्तराचा. त्याचा फार महत्त्वाचा अध्याय शेजारच्या इंदापूर तालुक्यात घडला. दुसरा संगणकातल्या डेटाबेसचा. दोन्ही इतिहास मुळात एकाच गोष्टीचे आहेत : नोंद कुणी ठेवली, आणि कोणता प्रश्न विचारण्यासाठी ठेवली.

गाव म्हणजे एक आकडा

महसूल, तहसील, तालुका, जिल्हा, दफ्तर, जमाबंदी, हक्क, वारस, हिस्सा, इनाम. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी रोज असणारे हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीच झाले. दख्खनच्या सुलतानांच्या राज्यकारभाराची ही खूण आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याचं नाव या प्रदेशात लढाईइतकंच जमाबंदीसाठीही घेतलं जातं. प्रत्यक्ष पिकाचा अंदाज घेऊन गावाचा सारा ठरवायचा, ही त्याची पद्धत. पुढे मराठ्यांच्या दफ्तरांत ‘तनखा’ म्हणून जी जुनी आकारणी येते, तिचा संबंध त्याच्याशी जोडला जातो.

पण त्या व्यवस्थेत राज्याचा प्रश्न गावाला होता : या गावाकडून किती येणं? गावातल्या कुणी किती द्यायचं ते पाटील-कुलकर्ण्यांनी पाहायचं. दरबारच्या दफ्तरात गाव म्हणजे एक ओळ आणि एक आकडा. आतला तपशील कुलकर्ण्याच्या मोडी कागदांत, रुमालात बांधलेला.

इंदापूरचा प्रयोग

१८१८ साली पेशवाई गेली आणि कंपनी सरकारला प्रत्येक शेतकऱ्याशी थेट व्यवहार हवा झाला. १८२० च्या दशकाच्या शेवटी रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्यानं पुणे जिल्ह्याची मोजणी केली. त्याचा प्रश्न विलायतेत नव्यानं गाजत असलेल्या अर्थशास्त्रातून आलेला होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं उत्पन्न काढायचं, त्यातून लागवडीचा सगळा खर्च वजा करायचा, उरलेल्या निव्वळ नफ्याचा ठरावीक भाग सारा म्हणून घ्यायचा. कागदावर प्रश्न बिनचूक होता. पण त्याच्या उत्तरासाठी लागणारी माहिती गावात कुणाकडेच नीट नव्हती. जी गोळा झाली तिच्यात चुका होत्या आणि लाचलुचपतही होती. आकारणी अवाच्या सवा झाली, शेतकरी जमिनी टाकून गेले, आणि सरकारला ती मोजणी सोडून द्यावी लागली.

मग १८३५ साली हेन्री गोल्डस्मिड आणि इंजिनिअर लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्यानं काम हाती घेतलं. त्यांनी प्रश्न सोपा केला. निव्वळ नफ्याच्या भानगडीत न पडता प्रत्येक शेताला क्रमांक दिला, तोच सर्व्हे नंबर. हद्दीच्या खुणा केल्या. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून जमिनीची प्रत ठरवली. पुढे या पद्धतीत नऊ प्रती पक्क्या झाल्या. सगळ्यात चांगली १६ आण्यांची, सगळ्यात हलकी २ आण्यांची. मोजणीची साखळी ३३ फुटांची. साखळी गुणिले साखळी म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. १८३६ साली नवे दर लागू झाले, तेही ३० वर्षांच्या हमीनं. १८४७ च्या संयुक्त अहवालानं हीच पद्धत मुंबई इलाख्याचा नियम झाली.

संगणकाच्या भाषेत सांगायचं तर इंदापुरात ‘शेत’ नावाचं टेबल जन्माला आलं. क्रमांक, क्षेत्र, प्रत, आकार आणि खातेदार, असे त्याचे रकाने. पण शेवटच्या रकान्यात एकच प्रश्न दडला होता : सारा कोण भरणार? जमिनीवर आणखी कुणाकुणाचा हक्क आहे, हे सरकारनं विचारलंच नव्हतं. त्यामुळे भावांपैकी थोरल्याचं नाव लागलं आणि बाकीचे कागदाबाहेर राहिले. बहिणी तर गणतीतच नव्हत्या.

सुप्यात काय जळलं

न विचारलेल्या प्रश्नाची किंमत लवकरच मोजावी लागली. ३० वर्षांची मुदत संपल्यावर इंदापूर आणि भीमथडी तालुक्यांत फेरआकारणी झाली, सारा बराच वाढला. कापसाचा तेजीचा काळ ओसरला होता. शेतकरी सावकाराच्या वहीत अडकत गेला. सरकारच्या टेबलात तो खातेदार होता, सावकाराच्या टेबलात कर्जदार, आणि या दोन टेबलांना जोडणारा एकही धागा नव्हता. सरकारी कागदावरून शेतकरी सुखी दिसत होता.

१२ मे १८७५ रोजी सुप्यात, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, उठाव झाला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. लोकांचा मुख्य रोख होता तो वह्या आणि कर्जरोख्यांवर. ते हिसकावून जाळण्यात आले. ज्याला स्वतःची सही करता येत नव्हती त्या माणसालाही कळलं होतं की आपलं आयुष्य त्या कागदात बांधलेलं आहे. सरकारनं चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जमुक्ततेचा कायदा झाला. त्यानं न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली.

पुढे १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला, १९१३ साली तो जमीन महसूल कायद्यातच सामावला. आता दफ्तराचा प्रश्न ‘सारा कोण भरतो’ एवढाच न राहता ‘हक्क कुणाचा आणि तो कसा आला’ असा झाला. यातूनच आज आपल्याला ओळखीचे असलेले गाव नमुने पक्के झाले. नमुना ६ म्हणजे फेरफाराची नोंदवही. नमुना ७ अधिकार अभिलेख, नमुना १२ पिकांची नोंद. दोन्ही मिळून सातबारा. नमुना ८-अ खात्याचा उतारा. नमुना ३ दुमाला म्हणजे इनामी जमिनींचा; दर्गा-मशिदींच्या इनामांचा माग काढणाऱ्याला तो उघडावाच लागतो. आणि नमुना ६-क वारसांचा. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा.

कॉडची टेबलं

१९७० साली आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड या गणितज्ञानं एक निबंध लिहिला. माहिती साध्या टेबलांत ठेवा, प्रत्येक ओळीला ओळख द्या, आणि त्या ओळखीच्या आधारे एक टेबल दुसऱ्याशी जोडा, असं त्याचं सांगणं होतं. आपल्या तलाठ्याला यात नवल वाटलं नसतं. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो. तो घेऊन नमुना ६ उघडायचा. तिथला खाते क्रमांक घेऊन ८-अ उघडायचा. यालाच संगणकवाले ‘जॉइन’ म्हणतात. १९७४ च्या सुमारास अशा टेबलांना प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा तयार झाली, तीच पुढे एसक्यूएल. आणि असा प्रत्येक प्रश्न म्हणजे ‘क्वेरी’.

पण प्रोग्राम लिहिणारा माणूस टेबलांत विचार करत नाही. त्याच्या डोक्यात ‘गट’ असतो, ‘खातेदार’ असतो, ‘फेरफार’ असतो, आणि त्यांची आपापसातली नाती असतात. वस्तू आणि टेबल यांच्यात दुभाष्याचं काम करणारं साधन म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, थोडक्यात ओआरएम. २००१ साली जावासाठी हायबरनेट आलं, २००४ साली रेल्सबरोबर ॲक्टिव्ह रेकॉर्ड, २००५ साली पायथनचं जँगो, २००६ साली एसक्यूएल-अल्केमी. आज अनेक वेबसाइटी असल्याच एखाद्या दुभाष्यावर चालतात.

जमिनीच्या नोंदींसाठी कुणी असं साधन वापरलं, तर प्रश्न कसा रचला जाईल ते पाहू. सुरुवात ‘गट’ या वस्तूपासून. पहिली अट : गाव जळोची. दुसरी : क्षेत्र सामाईक. मग गटाकडून खातेदारांकडे जा, खातेदारांकडून वारसांकडे जा, प्रत्येकाच्या हिश्शाची बेरीज कर, आणि मोठ्यापासून लहानापर्यंत क्रम लाव. एकेक अट मण्यासारखी ओवत जायची. जोवर उत्तर मागत नाही तोवर डेटाबेसला हातही लागत नाही. अर्ज पूर्ण लिहून झाल्यावरच खिडकीवर द्यावा तसं. मग दुभाष्या या साखळीचं एसक्यूएल करतो आणि एकदाच आत पाठवतो.

यात दोन खाचखळगे आहेत आणि ते दफ्तराच्या उदाहरणानं लगेच कळतात.

पहिला फेऱ्यांचा. समजा कारकुनानं २०० खातेदारांची यादी आणली, आणि मग एकेकाचा फेरफार पाहायला दरवेळी नव्यानं अभिलेख कक्षात गेला. एकूण २०१ फेऱ्या. ओआरएम नकळत हेच करतं, कारण नात्यातली पुढची वस्तू मागेपर्यंत ते ती आणत नाही. प्रोग्रामरला पडद्यावर एकच ओळ दिसते, आत दोनशे प्रश्न धावत असतात. उपाय असा की सुरुवातीलाच सांगायचं : यादीबरोबर फेरफाराचे रुमालही एकदम घेऊन ये.

दुसरा खळगा जास्त खोल आहे. जोडणी दोन तऱ्हेची असते. पहिलीत फक्त त्याच ओळी येतात ज्यांना दोन्ही टेबलांत जोडीदार सापडतो, तिला इनर जॉइन म्हणतात. दुसरीत पहिल्या टेबलातली प्रत्येक ओळ येते. जोडीदार नसेल तर तिथं रिकामी जागा दिसते, ती आउटर जॉइन. नात्यावर अट लावली की ओआरएम बहुतेक वेळा पहिली तऱ्हा निवडतं. म्हणजे ‘खातेदार आणि त्यांचे वारस दाखव’ असं विचारलं, तर ज्या मयताची वारस नोंद झालेली नाही तो खातेदार यादीतून गुपचूप गळतो. चूक झाल्याचा संदेश येत नाही. यादी नीटनेटकी दिसते, बेरीजही लागते, फक्त काही माणसं तिच्यात नसतात.

एका एकराचा हिशेब

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. बगदादमध्ये नवव्या शतकात, खलिफा अल-मामूनच्या काळात, मुहंमद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यानं बीजगणितावर ग्रंथ लिहिला. ‘अल्जिब्रा’ हा शब्द त्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून आला, आणि ‘अल्गोरिदम’ हा शब्द खुद्द त्याच्या नावावरून. त्या ग्रंथाचा फार मोठा भाग मृत्युपत्र आणि वारसाहक्काच्या हिशेबांनी भरलेला आहे. म्हणजे आजच्या संगणकशास्त्राचा कणा असलेला शब्द ज्याच्या नावावरून आला, तो माणूस आईला किती आणि बहिणीला किती हेच सोडवत बसला होता.

एक उदाहरण घेऊ. एका माणसाची एक एकर जमीन, म्हणजे ४० गुंठे. तो वारला तेव्हा त्याचे आईवडील हयात नव्हते, कर्जही नव्हतं. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. मुलं असल्यामुळे बायकोला आठवा हिस्सा : ५ गुंठे. उरले ३५. मुलाला दोन वाटे, मुलीला एक, असे पाच वाटे. दोन्ही मुलांना १४-१४, मुलीला ७. बेरीज बरोबर ४०.

वाटणी न होताच काही वर्षांनी आई वारली. तिचे ५ गुंठे मुलांत वाटले गेले : २, २ आणि १. आता मुलगे १६-१६, मुलगी ८. पुढे थोरला वारला. त्याच्या १६ मधले २ त्याच्या बायकोला. उरलेले १४ त्याच्या तीन मुलग्यांना ४-४-४ आणि मुलीला २. फिकहमध्ये अशा एकावर एक आलेल्या वारसांच्या हिशेबाला ‘मुनासखा’ म्हणतात. वाटणी होण्याआधीच वारस मरत जातात, आणि प्रत्येक मृत्यूला हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

संगणकाच्या दृष्टीनं ही स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारणारी क्वेरी आहे. एसक्यूएलमध्ये तिची सोय १९९९ च्या मानकात झाली. बऱ्याच ओआरएमना ती आजही सरळ जमत नाही; तिथे दुभाष्याला बाजूला सारून हातानं एसक्यूएल लिहावं लागतं. तरीही ती सुटते. अल-ख्वारिज्मीनं कागदावर सोडवली, आपणही आत्ता तोंडी सोडवली. गणित अवघड नाही.

जी ओळच नाही

अवघड आहे ते वेगळंच. वरच्या उदाहरणातल्या त्या मुलीला ८ गुंठे मिळावेत यासाठी टेबलात तिची ओळ असायला हवी. ती असते का?

आपल्याकडे बाप वारला की बहुतेक वेळा वारस नोंद लांबते. झाली तर मुलग्यांची नावं कब्जेदार सदरी लागतात, बहिणींची ‘इतर हक्कात’ सरकवली जातात, किंवा हक्कसोड पत्रावर त्यांची सही घेतली जाते. बहिणीनं हिस्सा मागितला तर माहेर तुटतं, असं तिला लहानपणापासून ऐकवलेलं असतं. शरियतनं औरतीला वारसाहक्क चौदाशे वर्षांपूर्वी दिला, हे आपण जलशांत अभिमानानं सांगतो आणि ते खरंही आहे. पण जलशात सांगितलेला हक्क नमुना ६-क मध्ये आपोआप उतरत नाही. तिथे कुणीतरी जाऊन नाव सांगावं लागतं. ही आपल्या एकट्या समाजाची गोष्ट नाही. शेजारच्या हिंदू घरांतही कायदा एक आणि सातबारा दुसरा, असंच दिसतं. पण ज्यांच्या किताबात हिस्से अपूर्णांकांसह सांगितलेले आहेत, त्यांना हिशेब माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही.

कागदाच्या वाटेतही अडथळे आहेतच. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानं अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले; जुन्या नोंदीशी नवी जुळवायला मधला तक्ता लागतो. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानं कुळांची नावं लागली. ‘सामाईक’ या एका शब्दाखाली दहा नावं राहतात, पण कुणाचा हिस्सा किती हे लिहिलेलं नसतं. मग हस्तलिखित सातबारा संगणकात भरताना काही नावं, काही क्षेत्रं चुकली. त्या दुरुस्त करायला एडिट मॉड्यूल आणावं लागलं, गावोगाव चावडी वाचन घ्यावं लागलं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. ही सोय मोठी आहे. पण डिजिटल सही सांगते ती एवढंच की हा उतारा नोंदीशी जुळतो. नोंदीत जी ओळच नाही तिच्याबद्दल सही काय बोलणार?

म्हणून प्रश्न कसा विचारायचा, हे आपल्याला शिकावं लागेल. प्रोग्रामर असाल तर ज्या जोडणीत रिकामी जागा दिसते ती जोडणी वापरा. ‘सगळे वारस दाखव’ एवढ्यावर थांबू नका, ‘ज्या मयतांचे वारस लागलेले नाहीत ते दाखव’ हेही विचारा. प्रोग्रामर नसाल तर हेच काम हातानं करा. सातबारा, ८-अ आणि त्यावरचे सगळे फेरफार काढा. कंसात गेलेली नावं वाचा. कमी झालेलं नाव कंसात जातं, तिथूनच इतिहास सुरू होतो. शेजारी कोऱ्या कागदावर घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा, गेलेल्या आणि राहिलेल्या, आत्या आणि फुप्प्यांसकट. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवा. कागदावरचं जे नाव उताऱ्यात नाही, तिथे तुमची रिकामी जागा आहे.

ती भरायची वाट कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसानं किंवा अन्य मार्गानं हक्क मिळाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. तो फेरफार नोंदवतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकती ऐकल्या जातात, मग नोंद प्रमाणित होते. लेखनातली चूक असेल तर कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. उशीर झाला म्हणून हक्क मरत नाही, पण पुरावा आणि साक्षीदार मात्र मरत जातात.

प्रिंगलचा प्रश्न हुशारीचा होता, पण त्याला लागणारी माहिती खरी नव्हती. विंगेटचा प्रश्न सोपा होता, पण त्यात माणसं सुटली. आपल्या हातात आज दोघांपेक्षा कितीतरी चांगली साधनं आहेत. कितीही गुंतागुंतीची क्वेरी ती क्षणात सोडवतील. त्या आठ गुंठ्यांची मालकीण यादीत यावी एवढं मात्र साधनाला करता येत नाही. त्यासाठी भावानंच तलाठी कार्यालयात जाऊन बहिणीचं नाव सांगायचं असतं.